खोडरबर

टेबलावर अकरा वस्तू होत्या. डाव्या बाजूचं झाकण काढलेली संगणकाची पेटी. चंदेरी पिशवीतलं नवं कार्ड. दोन स्क्रू ड्रायव्हर, एक फुलीचा आणि एक चपटा. टॉर्च. धूळ झाडायचा ब्रश. स्टीलच्या वाटीत सहा स्क्रू, ती वाटी एकच धरलेली. एक जादा पॉवर केबल. आठ भाषांतलं माहितीपुस्तक, प्लास्टिकमधून न काढलेलं. पांढरं खोडरबर, एका टोकाला काळं पडलेलं. आणि पप्पांचं किल्लीचं मनगटी घड्याळ, पाच वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं.

पेटी उघडली की मोजायचं आणि बंद करताना पुन्हा मोजायचं, ही पद्धत मिरजेच्या स्टेशन रोडवरच्या ‘लोहार कॉम्प्युटर्स’ची. एखादा स्क्रू आत राहिला तर पुढचा सगळा दिवस तो शोधण्यात जातो. दुकान बंद होऊन चार वर्षं झाली होती. दुकानाचे मालक शशिकांत लोहार खिडकीपाशी खुर्चीत बसून मुलीचं मोजणं बघत होते. त्यांच्या गळ्याभोवती बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा होता.

“अकरा,” शाल्मली म्हणाली.

पप्पांचे ओठ हलले. तोंडातून आवाज आला नाही. थोड्या वेळाने कपाटावरच्या स्पीकरमधून त्यांचाच, घसा बसल्यासारखा आवाज आला, “घड्याळ धरलंस का त्यात?”

“धरलंय. पण ते हत्यारांच्या डब्यात कशाला?”

ओठ हलले. पुन्हा तेवढाच वेळ गेला. “मुश्ताकला विचार. त्यानंच टाकलंय.”

हा मधला वेळ शाल्मलीने पुष्कळदा मोजला होता. तो एक पूर्णांक आठ दशांश सेकंदांचा होता.

चार वर्षांपूर्वी दुकानात, हातात कुणाचा तरी लॅपटॉप असताना, पप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि आवाज गेला. डाव्या हाताने लिहून बघितलं, पण मेंदूतला लिहिण्याचा भागही दुखावला होता; ‘क’ काढायला जावं तर कागदावर नुसती वेटोळी. शब्द मात्र शाबूत होते. बोलायचं मनात आलं की गळ्याचे स्नायू अजून हलायचा प्रयत्न करत. त्या प्रयत्नात व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाइतकी वीज निर्माण होते. पट्ट्यातले सात संवेदक ती टिपत आणि टेबलाखालचा संगणक तिचे शब्द करी.

हे काम करणाऱ्या भागाला लोक अजून ग्राफिक्स कार्डच म्हणत, जुन्या सवयीने. आतली रचना मात्र पार बदलली होती. आधीची कार्डं आकडे एकीकडे साठवत आणि गणित दुसरीकडे करत; निम्मी वीज नुसत्या ने-आणीत जाई. या नव्या जातीच्या कार्डात प्रत्येक आकडा म्हणजे एका सूक्ष्म कणाचा विद्युतरोध होता. त्यातून प्रवाह सोडला की बेरीज-गुणाकार आपोआप, जागच्या जागी होत. शिवाय वीज गेली तरी हे रोध तसेच राहत. माणूस बोलला की ते केसभर सरकत, आणि कार्ड त्या माणसाला थोडं अधिक ओळखू लागे. अडचण एवढीच की असे अब्जावधी रोध जसेच्या तसे मोजून दुसरीकडे उतरवता येत नसत. मोजायला जावं तर मोजण्यानेच ते हलत. त्यामुळे पप्पांचं कार्ड ही कशाचीही प्रत नव्हती, आणि त्याचीही प्रत नव्हती.

पहिल्या आठवड्यात पप्पांनी स्वतः शंभर शब्दांची यादी ठरवली होती. तेव्हा एकेका शब्दाला मान हलवत हो-नाही म्हणायला त्यांना दोन दिवस लागले. चहा, पाणी, दिवा, सोल्डर, मिरज, मुश्ताक, शालू, गाढव. दर रविवारी सकाळी शाल्मली यादीतला शब्द दाखवी, ते म्हणत, आणि यंत्राने किती ओळखले ते ती भिंतीवरच्या तक्त्यात लिही. पहिल्या रविवारी नऊ. वर्षाअखेर सत्तर. आता दोन वर्षं तक्त्यात सत्त्याण्णवच्या खाली आकडा नव्हता.

कार्ड बदलायचं तिने ठरवलं ते गेल्या रविवारी.

रविवारी पाच वाजता मुश्ताकचाचा येत. मुश्ताक मुल्ला हे दुकानातले पप्पांचे भागीदार. गल्ल्यावर ते आणि मागच्या बाजूला पप्पा, अशी सव्वीस वर्षं. अंगाने गोल, बोलायला सैल. त्या दिवशी ते सुनेने आणलेल्या भाकरीच्या यंत्राबद्दल सांगत होते.

“गोल करतंय, दिसायला झकास. पण फुगत नाही बघ. आणि काल आमची बहीण आलेली जयसिंगपुरातनं...”

“तुझ्यासारखीच,” स्पीकर म्हणाला. “गोल, पण कामाची नाही.”

मुश्ताकचाचा थांबले. “कोण, बहीण?”

“भाकरी,” पावणेदोन सेकंदांनी उत्तर आलं.

“हां, भाकरी. मग तसं बोल की.” चाचा हसले. शाल्मलीही हसली. पप्पा हसले नाहीत. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या पदरात उत्तर टाकणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. बाजूच्या झेरॉक्सवाल्यापासून हमालापर्यंत लोक केवळ ते ऐकायला दुकानात टेकत. आता त्यांचं प्रत्येक वाक्य गाडी सुटल्यावर फलाटावर येत होतं.

चाचा गेल्यावर शाल्मली म्हणाली, “नवं कार्ड निघालंय. विलंब दोन दशांश सेकंद. म्हणजे नाहीच.”

“मला घाई नाही,” पप्पा म्हणाले.

“पण तुमचा विनोद वाया जातो.”

“जाऊ दे की. तसे पुष्कळ आहेत.” मग तिच्याकडे बघून त्यांचे ओठ हलले. “घाई तुला आहे, शालू. आण. तुला बरं वाटेल.”

ती सांगलीच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवायची, म्हणून तिने नीट चौकशी केली. रोध उतरवता येत नसले तरी शिकवता येत होते. जुनं आणि नवं कार्ड एकाच संगणकात शेजारी बसवायचं. माणूस बोलतो, जुनं ओळखतं, नवं ऐकतं. बारा तासांत नवं तयार होतं. कंपनी याला शिकवणी म्हणत असे. तोवर जुनं कार्ड जपायचं, एवढंच.

म्हणून आज दुपारी तीन वाजता पेटी उघडली होती. मुश्ताकचाचा यायच्या आत निदान शिकवणी सुरू झालेली असावी, असा तिचा बेत होता.

“बंद करतेय हं,” ती म्हणाली. “थोडा वेळ मुके व्हाल.”

“लवकर कर. मुश्ताकसाठी एक शिवी राखून ठेवलीय. आल्या-आल्या द्यायची.”

तिने बटण दाबलं. पंखा थांबला.

नवं कार्ड दुसऱ्या खाचेत टक् आवाज करून बसलं. मागचे दोन स्क्रू आवळले, जादा केबल जोडली, झाकण उघडंच ठेवून संगणक सुरू केला. पंखे फिरले. दोन्ही कार्डांवरचे दिवे लागले. पडदा काळाच राहिला.

एक मिनिट. दोन मिनिटं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. तिने बंद केलं.

दुकानाचा क्रम तिला पाठ होता. आधी वीज, मग केबल, मग रॅम, मग बसवलेलं काढून बघ. तिने वीज तपासली, ठीक होती. पडद्याची केबल जुन्या कार्डातून काढून नव्यात घातली, सुरू केलं, चार मिनिटं थांबली. पडदा काळा. रॅमच्या पट्ट्या काढून परत दाबून बसवल्या. तीन मिनिटं. पडदा काळा. माहितीपुस्तकाचा विचार तिच्या मनात आला नाही. ‘लोहार कॉम्प्युटर्स’मध्ये माहितीपुस्तक डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली जाई, ते वाचावं लागणं म्हणजे धंदा येत नसल्याची कबुली, असं पप्पाच म्हणत.

पप्पांनी घशातून आवाज काढला. नुसता हुंकार, त्यात शब्द नव्हता.

“हो, बघतेय,” ती म्हणाली.

मग तिने नवं कार्ड काढून पिशवीत ठेवलं. आता सगळं सकाळी होतं तसं होतं. जुनं कार्ड, जुनी खाच. तिने बटण दाबलं आणि दोन्ही हात टेबलावर टेकून उभी राहिली. पंखे फिरले. पडदा काळा. एक मिनिट. दोन. तीन.

नवं कार्ड बिघडलेलं निघालं असतं तर परत करता आलं असतं. जुनंही उठत नव्हतं. तिने संगणक बंद केला आणि वळून पप्पांकडे पाहिलं.

पप्पांनी डाव्या हाताची दोन बोटं उजव्या मनगटावर ठेवली आणि घासली. पुढे-मागे, पुढे-मागे. डोळे तिच्यावर रोखलेले.

शाल्मलीला ते कळायला एक सेकंदही लागला नाही.

ती सहा-सात वर्षांची होती तेव्हा शाळेतून थेट दुकानात येई. मागच्या भिंतीला लावलेल्या टेबलाशी तिचं स्टूल होतं, आणि भिंतीकडे तोंड करून ती आपलं काम करी. पप्पा रॅमच्या पट्ट्या तिच्यासमोर ठेवत. पट्टीच्या कडेला सोनेरी टोकांची ओळ असते; तिच्यावर हवेची, घामाची पुटं चढली की संपर्क तुटतो आणि संगणक उठत नाही. उपाय, शाळेच्या दप्तरातलं खोडरबर. घास, फुंकर मार, लाव. दहातले सात संगणक तेवढ्यावर उठत. पप्पा पट्टी ठेवताना दोन बोटांनी तिच्या टेबलावर घासून दाखवत: पुढे-मागे, पुढे-मागे. त्या वेळी तिला वाटे, साऱ्या जगातले संगणक आपल्या खोडरबरावर चाललेत.

“कळलं,” ती म्हणाली आणि पेटीकडे वळली. “क्रमात तेच राहिलं होतं.”

मागून पप्पांनी खुर्चीच्या हातावर पंजा आपटला. एकदा, दोनदा.

“हळूच घासते, पप्पा. टॉर्च तोंडात धरलाय, बोलायला लावू नका.”

तिने जुनं कार्ड बाहेर काढलं, मांडीवर आडवं धरलं, आणि त्याच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवलं. मार्चचा तिसरा आठवडा होता; हवेत ओलावा जेमतेम. तिच्या अंगावर नायलॉनची ओढणी होती. एका बाजूला तीस वेळा, दुसऱ्या बाजूला तीस वेळा, मोजून. फुंकर मारली. कार्ड परत बसवलं, बटण दाबलं. पडदा काळा दिसताच ती खाली फरशीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

किती वेळ गेला ते तिने मोजलं नाही. पंखा मंदावल्याचा आवाज आला म्हणून तिने वर बघितलं. पडदा उजळला होता.

“उठलं,” ती म्हणाली. “पप्पा, उठलं. खोडरबरानं उठलं.”

पप्पांचे ओठ हलले. बराच वेळ हलले. लांबलचक वाक्य असणार. एक पूर्णांक आठ दशांश सेकंदांनी त्यांचा, घसा बसल्यासारखा आवाज आला.

“पाणी दिवा दिवा पाणी गाढव.”

पप्पा थांबले. पुन्हा प्रयत्न केला, हळू, एकेक शब्द सुटा करून.

“दिवा,” स्पीकर म्हणाला. “पाणी. दिवा.”

कंपनीच्या मदतकेंद्रातला मुलगा आवाजावरून तिच्याच वयाचा वाटला. त्याने तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे कार्डं बदलल्यावर पडदा काळा राहिला. किती वेळ थांबलात, मॅडम?”

“तीन मिनिटं. एकदा चार.”

“कार्डं बदलली की ती संगणकाशी सगळं नव्याने जुळवून घेतात. पहिल्यांदा सुरू व्हायला नऊ मिनिटं लागतात. मध्ये बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून. पुस्तकात पान चौदावर आहे.”

“जुनं एकटं लावलं तेव्हाही?”

“तेव्हाही. बदल तो बदल. बिघाड काहीच नव्हता तुमच्याकडे.” मग तो जरा अडखळला. “कडेच्या टोकांवर काही घासलं होतं का?”

“खोडरबर.”

मग तो म्हणाला, “महिन्याला दोन-तीन येतात असे फोन. सगळे जुने रिपेअरवाले असतात, किंवा त्यांच्या घरचे. रबर धातूवर घासलं की स्थिर वीज तयार होते, मॅडम. हवा कोरडी असेल तर काही हजार व्होल्ट. रॅमला ते चालून जायचं, तिच्यात कायमचं काही नसायचं. पहिल्या पिढीच्या या कार्डांत ती वीज थेट रोधांपर्यंत जाते.”

हे तिला माहीत होतं. स्थिर वीज ती दर जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. फुगा आणि लोकरीचा तुकडा घेऊन.

“परत शिकवता येईल ना?”

“येईल. पण गळ्याचे स्नायू चार वर्षांपूर्वी होते तेवढे जोरात बोलत नसणार आता. तुम्हीच पट्ट्याचे आकडे बघा.”

तिने बघितले. संकेताची ताकद पहिल्या वर्षाच्या चाळीस टक्के उरली होती. स्नायू दुबळे होत होते तसतसं कार्ड त्यांना अधिक बारकाईने ऐकायला शिकत गेलं होतं. म्हणून तक्त्यात काही दिसलं नव्हतं.

त्या दिवशी पाच वाजता मुश्ताकचाचा आले, तेव्हा ती त्यांना दारातच म्हणाली, “आज ते बोलणार नाहीत.” चाचा आत जाऊन खुर्चीशेजारी बसले आणि तासभर एकटेच बोलत राहिले.

नव्या कार्डाची शिकवणी तिने मंगळवारी घेतली. जुन्याला जेवढं येत होतं तेवढं नवं शिकलं. रविवारी तक्त्यात आकडा लिहिला: अकरा.

तिसऱ्या रविवारी चाचांनी भीतभीत विचारलं, “पण तुला कसं सुचलं गं घासायचं? ते तर दुकान बंद व्हायच्या आधीच बंद केलेलं आम्ही.”

“पप्पांनीच सांगितलं.” शाल्मलीने चहाचे कप उचलता उचलता खाली ठेवले, डाव्या हाताची दोन बोटं उजव्या मनगटावर घासून दाखवली. “असं.”

मुश्ताकचाचा हसले. “अगं, हे घासायचं नव्हं. हे घड्याळ. तुझा बाप उजव्या हातात बांधायचा ना. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं की मागनं मला अशी खूण करायचा, मनगट चोळून. म्हणजे मशीन आपलं-आपलं उठतंय, त्याला वेळ दे, गिऱ्हाइकाला चहा सांग. सव्वीस वर्षं...”

तिचा चेहरा बघून ते थांबले. मग उगाच कपबशी सारखी करत, हळू आवाजात म्हणाले, “तुझी पाठ असायची ना आमच्याकडं. तुला कुठनं दिसणार.”

“घड्याळ डब्यात तुम्ही ठेवलंत?”

“झटका आला तेव्हा डॉक्टरनं हातातलं काढा म्हटलं. डबा उघडाच होता समोर. त्यात टाकलं नि उचलला ह्याला.”

शाल्मली पप्पांसमोर खाली बसली. “तुम्ही थांब म्हणत होतात?”

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही. डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला, आणि ओठ हलले. आवाज लगेच आला, ओठ मिटायच्या आत.

“चहा.”

चाचा दुसरीकडे बघू लागले. शाल्मली उठून स्वयंपाकघरात गेली आणि आधण ठेवलं. पाणी उकळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. परत आल्यावर तिने डबा उघडला, घड्याळाला किल्ली दिली, वेळ लावली आणि ते पप्पांच्या उजव्या मनगटावर बांधलं. मनगट बारीक झालं होतं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

“आता दे की ती शिवी,” मुश्ताकचाचा पप्पांना म्हणाले. “राखून ठेवलीस म्हणं माझ्यासाठी. पोरीनं सांगितलं.”

पप्पांचे ओठ बराच वेळ हलले. डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या, पूर्वी गिऱ्हाइकाला उत्तर टाकताना होत तशा.

“पाणी गाढव दिवा,” स्पीकर लगेच म्हणाला.

“गाढव तेवढं कळलं,” चाचा म्हणाले. “बाकीचं उद्या दे.”

त्यानंतर रोज सकाळी एक तास शाल्मली पप्पांसमोर यादी घेऊन बसू लागली. शब्द दाखवायचा, ते म्हणत, ती थांबायची. चुकला तर पुन्हा दाखवायची, पुन्हा थांबायची. माहितीपुस्तक तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. खोडरबर डब्यात होतं तिथेच राहिलं.

सव्विसाव्या रविवारी, सप्टेंबरमध्ये, तिने नेहमीप्रमाणे मोजून तक्त्यात लिहिलं: शंभरपैकी एकतीस. विलंब, शून्य पूर्णांक दोन दशांश सेकंद.